युरोपात नोकरी इंग्लिशवर, बाकीचा संसार कशावर?

बगशोधक

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

जर्मनीतून ऑफर आली आहे, श्टुटगार्टच्या जवळ. गाड्यांच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग, म्हणजे सध्या जे करतो तेच. सगळ्या मुलाखती इंग्लिशमध्ये झाल्या. पगार ब्लू कार्डाच्या (उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांना मिळणारा राहण्या-कामाचा परवाना) मर्यादेच्या वर आहे, त्यामुळे व्हिसासाठी जर्मनचा दाखला मागितलेला नाही. एचआरच्या बाई म्हणतात, आमच्याकडे कामाची भाषा इंग्लिशच, काळजी नको. करार मात्र दोन रकान्यांत आहे, डावीकडे जर्मन आणि उजवीकडे इंग्लिश, आणि शेवटी बारीक अक्षरात लिहिलंय की अर्थाबद्दल मतभेद झाल्यास जर्मन मजकूर ग्राह्य धरला जाईल. ते वाचल्यापासून डोक्यात किडा वळवळतोय.

बायको फिजिओथेरपिस्ट आहे, तिची प्रॅक्टिस छान चालते. मुलगी चार वर्षांची. जर्मनच्या बाबतीत तिघंही सारखेच कोरे.

भाषा शिकावी का, हे मला विचारायचं नाहीये. शिकावी असं कोणीही सांगेल. नेमकं कुठे अडतं आणि कुठे अडत नाही, हे तिथे राहणाऱ्यांकडून हवंय. जर्मनीच नव्हे, युरोपात कुठेही असाल तरी लिहा.

ऱ्हाइनकाठ

आधी अभिनंदन.

"कामाची भाषा इंग्लिश" हे बाई खोटं सांगत नाहीयेत, अर्धवट सांगतायत. कोड, तिकिटं, ईमेल, ठरलेल्या मीटिंगा, हे सगळं इंग्लिशमध्ये चालेल. मीटिंग संपली की कॉफीच्या यंत्रापाशी जर्मन सुरू होतं आणि पुढचं काम कोणाला द्यायचं, कोणाचं म्हणणं उगाच ताणलेलं होतं, हे तिथे ठरतं. मुद्दाम कोणी करत नाही. दिवसभर परक्या भाषेत बोलून तीही माणसं दमलेली असतात. टेस्टर म्हणून तुम्ही वर्षानुवर्षं सुखात राहाल. टीम लीड व्हायचं म्हटलं की ग्राहकाशी बोलावं लागतं, आणि त्या भागातला ग्राहक म्हणजे बहुधा एखादी मध्यम आकाराची, तीन पिढ्या चाललेली कंपनी. तिथे इंग्लिशवर गाडी पुढे सरकत नाही.

ऑफिसबाहेरची सुरुवात पत्त्याच्या नोंदणीने होते, आन्मेल्डुंग म्हणतात. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत करायची, घरमालकाने भरून सही केलेला कागद सोबत लागतो. ती झाली की टपाल सुरू. टॅक्स क्रमांक टपालाने, विम्याचं कार्ड टपालाने, बँकेचा पिन टपालाने. आणि न चुकता रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र. घरटी महिना १८.३६ युरो, घरात टीव्ही असो वा नसो. नवीन लोक ती जाहिरात समजून फेकतात, मग दंडासकट स्मरणपत्रं येतात.

जर्मनीत सरकारी कामकाजाची भाषा जर्मन, असं प्रशासकीय कायद्यातच लिहिलंय. काउंटरमागच्या माणसाला उत्तम इंग्लिश येत असलं तरी बोलायचं बंधन त्याच्यावर नाही. तरुण असेल तर बोलतो, सोमवारी सकाळी नाही बोलत.

पत्रांचा बाऊ करू नका. फोनने फोटो काढा, भाषांतर मिळतं, आणि हल्ली चांगलं मिळतं. खरी अडचण फोनवर बोलण्याची आहे. दाताच्या डॉक्टरची वेळ घेणं, हीटर बंद पडल्यावर घरमालकाला कळवणं, इंटरनेटवाल्याशी भांडणं. समोरचा भराभर बोलतो, चेहरा दिसत नाही, आणि भाषांतराचं ॲप तिथे काही कामाचं नाही.

पवनचक्की

आइंडहोवेनमधून लिहितेय. इथली गोष्ट अगदी वेगळी. डच लोकांचं इंग्लिश आपल्यापेक्षा चांगलं असतं. तुम्ही मोठ्या धीराने एक डच वाक्य जुळवता आणि समोरचा हसून इंग्लिशवर येतो, कारण त्याला तुमची दया येते आणि त्याचा वेळही वाचतो. दुकान, बँक, फॅमिली डॉक्टर, बरेचदा नगरपालिकासुद्धा इंग्लिशमध्ये. म्हणून इथले आपले लोक आठ-आठ, दहा-दहा वर्षं राहूनही डच शिकत नाहीत. अडतच नाही तर कोण शिकेल?

अडतं ते कायमच्या परवान्याला. कुशल कामगारांच्या व्हिसावर येताना भाषेचं काही मागत नाहीत, पण पाच वर्षांनी कायमचं राहायचं म्हटलं की नागरी समावेशनाची परीक्षा आहे. डच वाचन, लेखन, ऐकणं, बोलणं आणि वर इथल्या समाजाची माहिती. मग चाळिशीतली माणसं रात्री बसून क्रियापदं घोकतात.

दुसरं म्हणजे शाळा. मुलं इथे चौथ्या वर्षी शाळेत जातात, पाचव्या वर्षापासून सक्ती. महिन्याभरात नाही, पण वर्षाच्या आत ती फाडफाड बोलायला लागतात. आई-बापांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र सगळं डचमध्ये आणि अर्धं संक्षेपात. उद्या गमबूट आणायचे होते हे आज रात्री अकराला कळतं.

रोखठोक

मी उलट बाजूने लिहितो, नाहीतर सगळे एकच सूर लावतील.

म्युनिकमध्ये इतकी वर्षं काढली, जर्मन म्हणाल तर बेकरीत ब्रेड मागण्यापुरतं. काही बिघडलं नाही. पगार वाढला, घर मिळालं, गाडी घेतली. तुम्ही कशासाठी जाताय ते आधी ठरवा. चार-पाच वर्षं कमावून परतायचं असेल तर भाषेवर दोन वर्षांच्या संध्याकाळी घालवणं हा तोट्याचा व्यवहार आहे. तेवढ्या वेळात क्लाउडचं एखादं सर्टिफिकेट करा, त्याचे पैसे मिळतील. टॅक्ससाठी इंग्लिश बोलणारा सल्लागार आहे, डॉक्टर शोधायच्या साइटवर भाषेचा फिल्टर आहे, कागदपत्रांसाठी रिलोकेशनवाले आहेत. पैसे फेका, काम होतं.

भाषेशिवाय एकटं पडायला होतं वगैरे भावनिक प्रतिसाद येतीलच. आपल्या मंडळाचा गणपती आहे, क्रिकेट आहे, माणसं भरपूर आहेत.

परिचारिका_ताई

दादा, तुमच्या क्षेत्रात चालतं म्हणून सगळ्यांना चालतं असं लिहू नका. हा धागा उद्या नर्सिंगच्या मुलीही वाचतील.

आमच्याकडे भाषा आधी, नोकरी नंतर. नर्स म्हणून पूर्ण मान्यता मिळायला साधारण बी२ लागतं (भाषेच्या पातळ्या ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२ अशा चढत जातात). डॉक्टरांना त्याच्या वर वैद्यकीय भाषेची वेगळी परीक्षा असते, सी१ च्या तोडीची, त्यात पेशंटशी बोलून दाखवावं लागतं आणि दुसऱ्या डॉक्टरला ती केस सांगावी लागते. आणि हे योग्यच आहे. रात्रपाळीला ८५ वर्षांच्या आजी कवळी काढून स्वाबियन बोलीत काहीतरी पुटपुटतात. त्यांना पाणी हवंय की छातीत दुखतंय, हे मला कळलंच पाहिजे. तिथे ॲप काढून उभं राहता येत नाही. बी२ चा कागद हातात असूनही सुरुवातीला फोन वाजला की मी बाथरूममध्ये काम काढायचे.

महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेंबर्गबरोबर कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून जिल्ह्याजिल्ह्यात जर्मनच्या वर्गांची चर्चा आहे. चांगलंच आहे. पण त्या हवेत खासगी एजंटही बरेच उगवलेत. "ए२ करा, बाकी तिकडे गेल्यावर होईल" असं म्हणणाऱ्याला विचारा की मान्यता मिळेपर्यंत मी कोणत्या पदावर काम करणार, पगार किती, आणि मधेच सोडलं तर किती रक्कम परत मागणार. ते लेखी द्या म्हणा. नर्सेसच्या भरतीचा खर्च जर्मन मालकाने उचलायचा, या तत्त्वावर तिथल्या सरकारने एक दर्जाचिन्हही ठेवलंय. तुमच्याकडून लाखांत पैसे मागणारा माणूस त्या वाटेवरचा नाही.

गोदामातला

मी पोलंडमध्ये आहे. इथे सगळे आयटीवाले दिसतायत म्हणून लिहावं की नको असं वाटत होतं.

क्राकोव्ह, व्रोत्स्वाफला ऑफिसात काम करणाऱ्यांचं इंग्लिशवर मस्त चालतं, मोठमोठ्या कंपन्यांची सेंटर्स आहेत. गोदामात तसं नाही. आमचा सुपरवायझर पोलिश, सोबतचे युक्रेनचे, नेपाळचे, कोलंबियाचे. सुरक्षेचं ट्रेनिंग झालं ते पोलिशमध्ये. पुढे कागद आला, सगळ्यांनी सही केली. त्यात काय होतं ते मी नंतर घरी जाऊन फोनवर वाचलं. फोर्कलिफ्टच्या रस्त्यात कुठे उभं राहायचं नाही, हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं.

येणाऱ्यांनी एक बघा. करार दोन जातीचे असतात. उमोवा ओ प्रात्से म्हणजे खरी नोकरी, कामगार कायदा लागू, भरपगारी रजा. उमोवा झ्लेत्सेन्ये म्हणजे कंत्राटी काम, त्यात कायद्याने रजा मिळत नाही. एजंट दोन्हीला काँट्रॅक्टच म्हणतो. पगाराचा आकडा झ्लॉटीत आहे ना, तासाचा आहे की महिन्याचा, राहण्याचे पैसे त्यातून कापणार का, हेही बघा. मालक पैसे देत नसेल तर सरकारी कामगार निरीक्षण खातं आहे, पीआयपी. त्यांच्याकडे तक्रार करता येते.

मी पोलिश शिकतोय, क्लास नाही, सोबतच्यांकडून. शिव्या आधी आल्या.

पवनचक्की

@गोदामातला, बरं झालं लिहिलंत. अजून लिहा.

कागदवाचू

रोखठोक यांचा हिशेब नोकरी चालू आहे तोवर बरोबर आहे. मी नोकरी जाते तेव्हाचं लिहितो, कारण श्टुटगार्टच्या आसपास गाडी उद्योगातल्या कपातीच्या बातम्या काही थांबत नाहीयेत. बगशोधक, तुमचं क्षेत्र तेच आहे. घाबरवत नाही, पण हे माहीत असू द्या.

जर्मनीत नोकरीवरून काढल्याचं पत्र कागदावर आणि शाईच्या सहीचं लागतं. ईमेल, तोंडी निरोप, काहीही कायद्याने चालत नाही. ते पत्र हातात पडलं की तीन आठवड्यांचं घड्याळ सुरू होतं. तेवढ्यात कामगार न्यायालयात दावा लावला नाही तर काढलेलं वैध ठरतं, मग कारण कितीही लंगडं असो. तुम्ही चौथ्या आठवड्यात भाषांतर करून घेतलंत, वकील गाठलात, तर वकील हळहळेल आणि घरी पाठवेल.

दुसरी मुदत याहून लहान. नोकरी संपायला तीन महिन्यांहून कमी अवधी उरला असेल तर कळल्यापासून तीन दिवसांत रोजगार कार्यालयात नोंद करायची. उशीर झाला की बेकारी भत्ता आठवडाभर अडतो.

तिसरी गोष्ट दिसायला गोड आणि सगळ्यात महागडी. काढत नाहीत, बोलावतात. कॉफी देतात, छान इंग्लिशमध्ये सांगतात की परिस्थिती अशी अशी आहे, आपण परस्पर संमतीने वेगळं होऊ, इतक्या महिन्यांचा पगार देतो, आजच सही केलीत तर बरं. पुढे सरकवलेला कागद जर्मन. त्याला आउफहेबुंग्सफेरट्राग म्हणतात. सही केली की तुम्ही स्वतःहून नोकरी सोडल्यात जमा. बेकारी भत्ता १२ आठवड्यांपर्यंत रोखला जाऊ शकतो, आणि काढलं म्हणून न्यायालयात जायचा रस्ता जवळपास बंद. आमच्या ऑफिसातल्या दोघांनी तिथल्या तिथे सही केली. एकाला सातवा महिना लागलेली बायको घरी होती, त्याला तो विषय लवकर संपवायचा होता. मी त्याला दोष देत नाही. पण "मला हे घरी नेऊन वाचायचंय" हे वाक्य इंग्लिशमध्ये म्हटलं तरी पूर्ण चालतं, आणि त्याबद्दल कोणी तुम्हाला आणखी जास्त काढू शकत नाही.

कंपनीत कामगार परिषद आहे का ते पहिल्याच महिन्यात बघा. बेट्रीब्सराट. असेल तर कोणालाही काढण्याआधी मालकाला तिला विचारावं लागतं, आणि तिथली माणसं इंजिनियरांनाही मदत करतात. आपल्या लोकांना वाटतं युनियन म्हणजे कारखान्यातल्यांची, मोर्चेवाल्यांची. आयजी मेटाल या इथल्या युनियनची वर्गणी ढोबळ पगाराच्या एक टक्का आहे आणि सभासदाला नोकरीच्या भांडणात कायदेशीर मदत मिळते. ज्याला जर्मन येत नाही त्याने तर ती डोळे मिटून घ्यावी.

आणि भाषेचा खरा चटका त्याच्या पुढे. तुम्ही नवी नोकरी शोधायला लागता. काम तेच, टूल तेच, कोड इंग्लिशमध्येच, पण जाहिरातीत खाली "जर्मन बी२" किंवा थेट "सी१". माणसांची टंचाई होती तेव्हा कंपन्या ती ओळ खोडायच्या. अर्जांचा ढीग पडला की तीच ओळ चाळणी होते. परवाना नोकरीवर टांगलेला, त्यामुळे शोधायला वेळही मोजका. रोखठोक, तुमची मंडळी, गणपती, क्रिकेट सगळं खरं, पण त्या वेळी ती सगळी मंडळीही तीच जाहिरात वाचत असतात.

रोखठोक

कागदवाचू, कागदाचं मान्य. सही न करण्याचंही मान्य. पण बी२ असलेलेही घरी बसलेत, तेव्हा भाषा म्हणजे कवचकुंडलं नव्हेत.

कागदवाचू

कवचकुंडलं म्हटलंच नाही. यादीत नाव राहतं एवढंच म्हटलं.

फ्रँकवाला

झ्युरिकमधून थोडक्यात. इथे गंमत अशी की तुम्ही मन लावून पुस्तकी जर्मन शिकता आणि मग कळतं की लोक आपापसांत बोलतात ती स्विस जर्मन, जी बर्लिनच्या माणसालाही धड समजत नाही. तुमच्याशी पुस्तकी बोलतील, एकमेकांशी नाही. बँका, औषध कंपन्या यांत इंग्लिशवर निभतं. कायमच्या सी परवान्याला बोलण्याचं ए२ आणि लिहिण्याचं ए१ दाखवावं लागतं, ते फार जड नाही. जिनिव्हाला बदली झाली तर मात्र फ्रेंचपासून पुन्हा श्रीगणेशा.

सेनकाठची

फ्रान्सबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून. इथे १९९४ चा कायदा आहे, नोकरीच्या कामाला लागणारे कागद फ्रेंचमध्येच हवेत. परदेशी माणसाला तो जाच वाटतो, पण त्याच कामगार कायद्यात तुमच्या बाजूचं एक कलम आहे. लेखी करार फ्रेंचमध्ये असेल तर तुम्ही तुमच्या भाषेत भाषांतर मागू शकता, आणि दोन्हींत फरक निघाला तर तुमच्याविरुद्ध तुमच्या भाषेतलाच मजकूर वापरता येतो. बगशोधक, तुमच्या करारातल्या त्या बारीक ओळीच्या अगदी उलट. मागणारे फार थोडे, कारण रुजू व्हायच्या आधीच कटकट करणारा म्हणून कोणाला दिसायचं नसतं.

आणि नियम घट्ट होतायत. नव्या कायद्याने २०२६ पासून दहा वर्षांच्या कार्डाला बी१ आणि नागरिकत्वाला बी२. आधी एकेक पायरी खाली होतं.

घरची_बाजू

आतापर्यंतचे प्रतिसाद बहुतेक पगाराच्या बाजूचे. मी दुसऱ्या बाजूने आले. तिकडे शिकवत होते, इकडे नवऱ्याच्या ब्लू कार्डावर आले. बगशोधक, हा प्रतिसाद तुमच्यापेक्षा तुमच्या मिसेससाठी आहे, त्यांना वाचायला द्या.

कायदा आमच्याबद्दल फार उदार आहे. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला यायला ए१ सुद्धा लागत नाही, आणि आल्या दिवसापासून कुठलीही नोकरी करायला मोकळीक. म्हणून लोक म्हणतात, काय, ती पण लागेल कुठेतरी. कुठे लागेल? ज्याची नोकरी इंग्लिशमध्ये आहे त्याला भाषा नाही आली तरी चालतं. जिला नोकरी शोधायची आहे, मुलीला डॉक्टरकडे न्यायचंय, बालवाडीतून आलेला फोन घ्यायचाय, तिला भाषा पहिल्या दिवसापासून हवी. आणि घरात शिकायला वेळ कोणाला नाही, तर तिलाच.

साखळी अशी. मुलीला किटा म्हणजे बालवाडी मिळाली तर सकाळचा वर्ग करता येतो. वर्ग केला तर भाषा येते, भाषा आली तर नोकरी. किटाची जागा पहिल्या वाढदिवसापासून मुलाचा कायदेशीर हक्क आहे, पण जागा नसतातच, यादीत नाव घालून वाट बघायची. यादीत नाव घालायचा फॉर्म जर्मनमध्ये. जागा मिळाली तरी सुरुवातीचे काही आठवडे आईने किंवा बापाने सोबत बसायचं, मूल रुळेपर्यंत. बाप रजा काढतो का? आमच्याकडे नाही काढली.

सगळ्यात जास्त काय टोचत असेल तर दर फोनला नवऱ्याला विचारणं. तो मीटिंगमध्ये. मी मेसेज टाकणार, तो दोन तासांनी बघणार, तोवर दवाखाना बंद. तिकडे वीस पालकांना एका वेळी तोंड देणारी मी, इथे रिसेप्शनवरच्या मुलीने जरा आवाज चढवला की गप्प. घरात भांडणं झाली, पैशावरून नाही, तुझं पत्र तू वाच यावरून.

मग सरकारी एकात्मता वर्गात नाव घातलं. ६०० तास भाषा आणि वर १०० तास इथला कायदा, इतिहास, समाज. वर्गात सीरियाच्या, युक्रेनच्या, तुर्कस्तानच्या बायका. कोणाचीच भाषा कोणाला येत नाही, त्यामुळे मोडकं जर्मन हाच इलाज. इंग्लिश येणाऱ्या भारतीय ग्रुपात मी जेवढी शिकले नव्हते तेवढी त्यांच्यात शिकले. आजही माझ्या फोनवर सर्वात जास्त मेसेज त्यांचेच असतात, चुकांसकट.

फिजिओथेरपीचं सांगते, कारण वर्गातली एक जण फिजिओच आहे. तो मान्यता लागणारा व्यवसाय आहे. डिग्रीची तपासणी होते आणि बी२ लागतं. श्टुटगार्टच्या बाजूला हे काम रेगिरुंग्सप्रेझिडियुम श्टुटगार्ट बघतं. अर्ज तिकडे असतानाच करता येतो, इथे येऊन वाट बघत बसायची गरज नाही. फिजिओ इथे हवे आहेत, मान्यता मिळाली की काम मिळतं. तेव्हा त्यांनी आत्ताच सुरू करावं. तुमच्याआधी त्यांनी, हे मुद्दाम लिहितेय.

परिचारिका_ताई

ताई, शंभर वेळा अनुमोदन.

बगशोधक

सगळ्यांचे आभार. बायकोने धागा सलग वाचला. घरची_बाजू यांचा प्रतिसाद तिने मला मोठ्याने वाचून दाखवला, "बाप रजा काढतो का" इथे थांबून.

तिचं म्हणणं, मी एकट्याने आधी जावं आणि तिने इथे बी१ तरी करून, मान्यतेचा अर्ज टाकून मग यावं. तोवर प्रॅक्टिसही चालू राहील. मला हे बरं वाटतंय, मुलीचं काय ते बघू. प्रश्न एवढाच की मी स्वतः किती करून जावं? नोटीस पिरियड धरून हातात काही महिने आहेत. आणि परवान्याच्या दृष्टीने कोणत्या पातळीला काय मिळतं?

ऱ्हाइनकाठ

योजना चांगली आहे. फक्त कंपनीला विचारा की कुटुंब नंतर आलं तर हलवण्याचा खर्च तेव्हाही देणार का. बऱ्याचदा त्याला मुदत असते.

पातळ्या: ब्लू कार्डावर कायमचा परवाना ए१ असेल तर २७ महिन्यांनी, बी१ असेल तर २१ महिन्यांनी. फरक जेमतेम सहा महिन्यांचा आहे, पण वर कपातीचं जे लिहिलंय ते वाचून विचार करा. कायमचा परवाना हातात आला की राहणं नोकरीवर टांगलेलं राहत नाही. म्हणून माझ्या मते बी१ चं खरं मोल या सहा महिन्यांत आहे. नागरिकत्व पाच वर्षांनी, बी१ वर. २०२४ च्या कायद्यात तीन वर्षांचा जलद मार्ग ठेवला होता, तो २०२५ मध्ये काढून टाकला. जर्मनी आता दुहेरी नागरिकत्व चालवून घेते, भारत घेत नाही, त्यामुळे तो प्रश्न शेवटी ओसीआयवर (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड) येऊन थांबतो. त्यावर वेगळे धागे आहेत.

जायच्या आधी मॅक्सम्युलर भवनाचं किंवा कुठलंही ए१ नीट करा, आणि जमलं तर ए२ चा थोडा भाग. डॉइचे वेलेचे ऑनलाइन धडे फुकट आहेत आणि खरोखर चांगले आहेत. पण परीक्षेपलीकडे दोन गोष्टी स्वतः घोटा. एक, आकडे. फोनवर कोणी तारीख, वेळ, खातेक्रमांक सांगितला तर पहिल्या झटक्यात लिहून घेता आला पाहिजे, आणि जर्मनमध्ये एकक आधी आणि दशक नंतर बोलतात. मराठी माणसाला ते सोपं जातं, आपणही पंचवीसमध्ये पाच आधीच म्हणतो. दोन, स्वतःचं नाव आणि पत्ता अक्षरं सुटी करून सांगणं. आपली नावं तिथे कोणालाच ऐकून लिहिता येत नाहीत.

कंपनीकडून एक लेखी मागा: कामाच्या वेळात भाषेचा वर्ग. फी बहुतेक देतात, वेळ देत नाहीत. संध्याकाळी साडेसहाच्या वर्गाला लोक नोव्हेंबरपर्यंत जातात. अंधार लवकर पडायला लागला की वर्ग ओस.

रोखठोक

हे मात्र मी मान्य करतो. माझा वर्गही नोव्हेंबरातच सुटला होता.

पवनचक्की

फोडलंत शेवटी!

बगशोधक

वर्गाच्या वेळेचं एचआरला आजच लिहितो. आणि अवांतर: भारतीय ड्रायव्हिंग लायसन्स किती दिवस चालतं? साइट शहराबाहेर आहे म्हणतात.

कागदवाचू

राहायला लागल्यापासून सहा महिने, सोबत भाषांतर किंवा आंतरराष्ट्रीय परवाना ठेवा. त्यानंतर जर्मन लायसन्सच लागतं आणि भारताचं थेट बदलून मिळत नाही, लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा. लेखी इंग्लिशमध्ये देता येते. प्रत्यक्ष परीक्षेत मागे बसलेला परीक्षक जर्मनमध्येच सांगणार, पुढच्या चौकात डावीकडे, तिथे गाडी लावा वगैरे. तेवढी पंचवीस-तीस वाक्यं ड्रायव्हिंग शाळेतला मास्तर पाठ करून घेतो. सहा महिने संपायच्या बरेच आधी नाव घाला, शाळांना रांगा असतात.

पवनचक्की

आमच्याकडे परदेशातून आणलेल्या कुशल कर्मचाऱ्यांसाठीची ३० टक्के करसवलत मिळालेल्यांना भारतीय लायसन्स परीक्षेशिवाय बदलून मिळतं. फक्त सांगून ठेवतेय.

रोखठोक

बगशोधक, अजून वेळ गेलेली नाही, नेदरलँड्समध्ये अर्ज टाका.